शंभर टक्के स्थानिक हळद

केसरीनाथ पाटलाने त्या संध्याकाळी दुसरा चहा सांगितला नसता, तर पुढचं काहीच घडलं नसतं. पहिल्या चहाला तो फक्त गाऱ्हाणी सांगतो. दुसऱ्या चहाला त्याचं भाषण होतं, आणि भाषणाच्या भरात माणूस काय बोलून बसेल याचा नेम नाही (म्हणून तर मोठे पुढारी भाषण लिहून आणतात).

स्थळ भिवंडीचा धामणकर नाका, साल दोन हजार आठ. त्या वर्षी टीव्ही लावला की एकच विषय. इथले कोण, बाहेरचे कोण, कुणी राहायचं आणि कुणी गाडी पकडायची. केसरीनाथ जवळच्याच कोन गावचा आगरी. बापाच्या शेतात गोडाऊन उभं, घरामागे पॉवरलूमच्या कामगारांना भाड्याने दिलेली चाळ, गळ्यात सोन्याची साखळी आणि डोक्यात भूमिपुत्र. त्याचा शाळेपासूनचा दोस्त हरी ओक एका शाळेत हेडक्लार्क, आणि पक्ष नेमका उलटा. दोघं रोज एकाच टपरीवर भांडायचे आणि मग एकाच शेअर रिक्षाने घरी जायचे.

"तुज्या पक्षानंच ह्यांना डोक्यावर चढवलंय, हऱ्या!" केसरीनाथने दुसरा कप उचलला.

"भिवंडीचे लूम कोण चालवतं रे? तू?"

"मी कसाला चालवू? माजी जमीन हाय!"

"म्हणजे भाडं खायला ते हवेत आणि शिव्या द्यायलाही तेच."

"आनि तुमचा बंधुभाव! तुज्या सोसायटीत खोली देताना आडनाव का इचारतां?"

हरीने घाईघाईने चहाचा घोट घेतला, कारण सोसायटीचा सेक्रेटरी तोच होता. पण वादात अडकलेला माणूस दुसऱ्याच्या घरात शिरतो. "ते राहू दे. मनालीची हळद आली ना? मांडव यूपीच्या रामसमुझचा, मटण रामसमुझचं, वाढपी रामसमुझचे. तुझ्या भूमिपुत्रांनी काय करायचं? जेवायचं!"

टपरीवर हशा पिकला. टपरीवालाही हसला (तो जौनपूरचा). ते केसरीनाथला फार लागलं.

"ऐक हऱ्या! माज्या पोरीच्या हलदीला एक बी भायेरच्याचा हात लागनार न्हाय. मांडव भावकी घालील, जेवन भावकी रांधील. आमच्या आज्याच्या टायमाला असंच व्हतं!"

आता, आगऱ्यांची हळद म्हणजे काय ते ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. लग्न एक वेळ चुकलं तरी चालेल, पण हळदीचं मटण चुकता कामा नये. अख्खं गाव जेवायला. शिवाय नवरदेवाला लावलेली उष्टी हळद घेऊन वज्रेश्वरीहून सासरची माणसं येणार, तीही जेवायलाच.

बायकोने, कमळाने, बातमी ऐकली आणि कपाळावर हात मारला. "तुमची जीभ हाय का रिक्षा? कुटं बी वलते!"

मनाली मात्र चिडली. "पप्पा, तुमचं राजकारण तुमच्या टपरीवर ठेवा. सासरचे उपाशी परत गेले तर जन्मभर टोमणे मला खायचेत, तुम्हाला नाही."

"अगं, तुजा बाप हाय ना हितं!"

"तेच तर टेन्शन आहे."

राहिला रामसमुझ. कोनमधल्या प्रत्येक हळदीचा आचारी तो, आणि राहायला केसरीनाथच्याच चाळीत. केसरीनाथने त्याला बोलावून आपल्या हिंदीत समजावलं, "इस टाइमको तुम न्हाय. पॉलिसी म्याटर हय."

"तो उस दिन हम का करें, पाटील?"

केसरीनाथचं मन मोठं. त्याने पत्रिका पुढे केली. "तुम पाव्हना! आरामशीर बसनेका, खानेका."

मांडवाच्या दिवशी भावकी आली. सगळे चुलतभाऊ, सगळ्यांच्या जमिनीवर गोडाऊनं, सगळ्यांच्या पायात पांढरे बूट. मांडव कसा घालायचा हे प्रत्येकाला पाठ होतं, फक्त खड्डा खणायचा कुणी एवढंच ठरेना. जो तो दुसऱ्याला "असा धर, तसा धर" सांगत होता आणि धरणारा कुणीच नव्हता. पहार तर कुणाकडेच नव्हती. शेवटी ती चाळीतून मागून आणली. बाहेरच्याची पहार चालते का, यावर तासभर चर्चा झाली आणि हात आपला असेल तर लोखंडाला प्रांत नसतो असा निकाल लागला. संध्याकाळी मांडव उभा राहिला. तो जरा कल्याणकडे कलला होता.

"वाऱ्यानं सरल व्हईल," महादू म्हणाला. महादू हा सर्वांत थोरला चुलतभाऊ. जेवणाची जबाबदारीही त्यानेच छातीठोकपणे घेतली होती, कारण एकदा सहलीला त्याने सात जणांचं मटण केलं होतं आणि सातही जण अजून जिवंत होते.

हळदीच्या दुपारी हरी आला तो हसायचं ठरवूनच आला होता. मागच्या अंगणात पाहतो तर महादूच्या डोळ्यांतून धारा, केसरीनाथला ठसका, आणि चुलीवर मोठमोठे टोप खदखदताहेत.

"अरे, मिरची किती घातलीत?"

"सात मान्सांना मूठभर लागते," महादू नाक पुसत म्हणाला. "हितं गाव हाय. मंग गोनी लागल ना?"

भात तळाला काळा आणि वर कच्चा. मटणाचा रस्सा केसरीनाथने बोटभर चाखला आणि पुढची पाच मिनिटं तो कुठल्याच पक्षाचा राहिला नाही. हरीचं हसू मावळलं. मनाली त्याच्या अंगाखांद्यावर वाढलेली पोर. त्याने शर्टाच्या बाह्या वर केल्या, नाकाला रुमाल बांधला आणि आयुष्यात अंडंसुद्धा न खाल्लेला तो माणूस झारा घेऊन मटण ढवळायला लागला. त्याने काय होणार? जळायचं ते जळतच होतं.

इतक्यात फोन वाजला. सासरची मंडळी निघाली होती. मनाली मागच्या दाराशी आली, टोप पाहिले आणि आल्या पावली आत गेली. ती भांडली असती तर बरं झालं असतं.

"केसऱ्या, रामसमुझला हाक मार," हरी म्हणाला.

"म्हंजे तुज्यापुडं हारायचं का रं मी?"

"मला हरव उद्या. आज पोरगी बघ."

केसरीनाथ मांडवात धावला. पहिल्या रांगेत, पंख्याखाली, इस्त्रीचा शर्ट घालून, अत्तर लावून रामसमुझ बसला होता. हातात आहेराचं पाकीट. शेजारी त्याचे चारही वाढपी, तेही नटूनथटून.

"रामसमुझ, चल जरा मागे. भात जल्या, मटन पेटल्या!"

"हमको वास आया था," रामसमुझ म्हणाला. "लेकिन आज तो हम मेहमान हैं, पाटील. आपही बोले, बसनेका, खानेका."

"अरे, आता कसला मेहमान!"

"जिंदगी में पहली बार हल्दी में कुर्सी मिला है."

केसरीनाथने हात जोडले. खरेखुरे जोडले, निवडणुकीतल्यासारखे नाही. "रामसमुझ, मनालीचा संसार सुरू व्हतोय. माजी चूक मंग काढ. पोरीला खाली बघाया लावू नको."

रामसमुझ लगेच उठला. "बिटिया का नाम पहले लेते ना! चलो रे, शर्ट उतारो." मग थांबून म्हणाला, "लेकिन हमरा कुर्सी पकडके रखो. पंखा का जगह है, कोई बैठ जाएगा."

मागे एकच धांदल उडाली. अर्धा रस्सा उपसला गेला, नारळ फुटले, बटाटे पडले, नवा भात चढला. हरी नारळ खवत होता. आणि इकडे वधूपिता एका रिकाम्या प्लास्टिकच्या खुर्चीची पाठ घट्ट धरून उभा. वज्रेश्वरीचे व्याही आले, उष्टी हळद आली, धवलारीण लग्नाची गाणी गायला लागली, तरी केसरीनाथ जागचा हलेना. त्याच्या पक्षाचे तालुक्याचे साहेब आले आणि नेमके त्याच खुर्चीकडे वळले.

"साहेब, हितं न्हाय!"

"का? कोण बसणार आहे?"

"खास पाव्हना हाय," केसरीनाथ घाम पुसत म्हणाला.

पंगत बसली. पहिला घास व्याह्यांनी घेतला आणि केसरीनाथने डोळे मिटले.

"पाटील!" व्याही ओरडले. "असं मटन उभ्या जल्मात खाल्लं न्हाय! आनखी आना!"

हळदीने माखलेली मनाली पाटावरून बापाकडे बघून हसली. केसरीनाथच्या डोळ्यांत पाणी आलं (या वेळी मिरचीचं नव्हे). गोष्ट इथेच संपती तर बरं होतं. पण महादूने साहेबांना अभिमानाने सांगून टाकलं की सगळं भावकीने केलंय. साहेबांनी ताट सोडून माईक धरला.

"बंधूंनो! या जेवणाला एकाही परप्रांतीयाचा हात लागलेला नाही! ही खरी अस्मिता! येत्या रविवारी आपला मोर्चा आहे, परप्रांतीय हटाव! त्या पाच हजार माणसांचं जेवण पाटलांची भावकी करणार! काय पाटील, जमेल?"

टाळ्यांचा कडकडाट झाला. केसरीनाथचा आत्मविश्वास नेहमीच त्याच्या अकलेच्या दोन पावलं पुढे चालतो. "जमनार!" तो गरजला.

मग तो खुर्ची महादूच्या ताब्यात देऊन मागे गेला. रामसमुझ टोपावर झाकण ठेवत होता, हरी शेजारी बसून पाणी पीत होता.

"रामसमुझ, येत्या इतवारको पाच हजारका जेवन बनानेका हय."

"काहे का प्रोग्राम है, पाटील?"

केसरीनाथने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मोर्चा. तुम लोगको हटानेका."

रामसमुझने राग मानला नाही. तो धंद्याचा माणूस. बोटांवर वार मोजून त्याने मान हलवली. "इतवार को नहीं होगा. इतवार को हरीबाबू की पार्टी का एकता सम्मेलन है, हम जबान दे चुके. आप मोर्चा सोमवार को रख लो."

केसरीनाथने हरीकडे पाहिलं. हरीने आभाळाकडे पाहिलं.

केसरीनाथ परत मांडवात आला, साखळी सरळ केली, छाती पुढे काढली आणि साहेबांच्या कानाशी वाकून म्हणाला, "साहेब, मोर्चा सोमवारी घिऊया. इतवारी भावकीला सवड न्हाय."