लिंबाजीमामा गवाह हाय

भांडण कुठंही लागो, लिंबाजीमामा पोत्याची घडी बगलेत मारून हजर. भांडणाऱ्यांच्या अगदी समोर पोतं अंथरायचे, मांडी घालायचे आणि म्हणायचे, "हां, आता होऊ द्या." नवरा-बायको असतील तर निम्मं भांडण तिथंच विझायचं. एकदा शेजारच्या गंगूकाकूंनी नवऱ्यावर उगारलेलं लाटणं खाली घेऊन विचारलं, "तुम्हाला दुसरं काम न्हाई का वो?" मामा शांतपणे म्हणाले, "हाय की. हेच तर करायलोय."

तसं बघणं हाच त्यांचा जन्माचा धंदा. जळकोटच्या अलीकडं आमचं गाव, गावाला तलाव आणि तलावावर मामा चौकीदार. बायको वारली, लेकरूबाळ नव्हतं. नोकरी संपली, पाठोपाठ दुष्काळात तलाव आटला. मामांचं बघणं तेवढं आटलं नाही. विहिरीतला गाळ काढणं असो, बैलाला नाल ठोकणं असो की टँकरपुढची घागरींची मारामारी, मामा पहिल्या रांगेत.

त्यांना कुणी 'बघ्या' म्हटलं की मात्र टाळकं सरकायचं. "बघ्या म्हंजे येळ घालवणारा. तमाशबीन म्हंजे दुसरा कधी पडतो म्हणून टपून बसलेला. मी गवाह हाय, गवाह!"

"कशाचे वो गवाह?"

"जे झालं त्याचा. उद्या कुणी म्हणलं झालंच न्हाई, तर?"



त्याच दुष्काळात लातूर नवा जिल्हा झाला. नवे दवाखाने निघाले आणि नांदेडला नर्सचा कोर्स करून घरी बसलेल्या मला हुकूम आला. आमच्या घरातली पहिली सरकारी नोकरी! आई रडली, गल्लीभर साखर वाटली. पण वाड्या-तांडे फिरायचे तर तिकडं एसटी जात नाही. सायकल आलीच पाहिजे. हजर होताना दवाखान्याचे साहेब चालवायला लावून बघणार, नाही आली तर नोकरी दुसरीला. मला तर सायकल धरायची कशी तेसुद्धा माहीत नव्हतं.

आटलेल्या तलावाइतकं सपाट मैदान गावात दुसरं नव्हतं. भावाची सायकल घेऊन उतरले, तर बांधावर ही जत्रा! पोरगी सायकलवर म्हटल्यावर काय विचारता. "पडली रे पडली!" म्हणून टाळ्या. आणि मामा? खाली, तलावाच्या मधोमध, पोत्यावर. रोज. एके दिवशी ढोपर फुटलं तेव्हा माझं डोकंच फिरलं.

"मामा, निसते बघता काय? धरा की जरा!"

"मी धरली तर तू चालवली कसं म्हणू? ऊठ, माय."

असा संताप आला म्हणून सांगू! त्या संतापातच टांग मारली आणि सायकल सरळ पलीकडच्या बांधापर्यंत गेली. मागून मामा बोंबलत होते, "गेली! मी बघितलं, गेली!"

हजर व्हायला गेले तर साहेबांच्या कानावर कुणीतरी आधीच घातलेलं, बाई रोज पडते. साहेबांचं तोंड आंबट. तेवढ्यात दारात मामा, घामाघूम, न बोलावता आलेले.

"साहेब, पडली हे खरं हाय. लई पडली. पर उठली बी. सांगणारे तवर हसून घरी गेले असतील, मी थांबलो हुतो."

साहेबांना हसू आलं. "बरं, दाखवा चालवून." सायकलवरून दवाखान्याभोवती चक्कर मारून मी नोकरीवर हजर झाले.

संध्याकाळी पेढे घेऊन मामांकडं गेले. पेढा त्यांनी हातातच धरला. मग खाली बघत म्हणाले, "ऐतवारी तुझी सायकल रिकामी असती का गं?"

चौकीदारीला लागले तेव्हा खात्यानं त्यांनाही सायकल दिली होती. पहिल्याच दिवशी बांधावरून घसरले, लोक पोट धरून हसले. मामांनी दुसऱ्या दिवशी सायकल परत केली आणि सगळी नोकरी पायी काढली. "बायकोला बी खोटंच सांगितलं, सरकारनं काढून घेतली म्हणून," ते म्हणाले.

ऐतवारी उजाडताच आम्ही तलावात उतरलो. मामांनी धोतर खोचलं, टांग मारली आणि धाडकन आपटले. बांधावर कुणीतरी फिस्सकन हसलं. "दात काढायचे तर घरी जाऊन काढा!" मी ओरडले आणि तिथंच मातीत बसकण मारली.

मामांनी सायकल उभी केली, कोपर झटकलं आणि मी आहे का गेले, ते हळूच वळून बघितलं.

"हितंच हाय, मामा. चढा."

मामा चढले.