कार्यालयीन प्रत

संगणकात जागा किती शिल्लक आहे हे पाहायला मला कोणाची मदत लागत नाही! वनस्पतिशास्त्र शिकवण्यात उभी हयात गेली माझी. पाच वाजता वाघोलीच्या एका कॉलेजसाठी बुरशीवर माझं ऑनलाइन व्याख्यान होतं. ते रेकॉर्डही करायचं होतं, म्हणून दुपारीच डिस्क तपासली. पट्टी लालभडक! एक बीजाणू मावेल एवढीसुद्धा जागा नाही!

शोधलं तर काय, आमच्या कोथरूडच्या सोसायटीच्या प्रत्येक सभेचं चित्रीकरण, आणि तेही तीन-तीनदा! 'प्रत एक', 'प्रत दोन', 'कार्यालयीन प्रत'.

"अहो, हे काय?"

"आमच्या कचेरीत एका प्रतीवर कधी काम भागलं नाही," निवृत्त हेडक्लार्क गोपाळकृष्ण, म्हणजे आमचे हे, चष्म्यावरून म्हणाले. "एखादी हरवली तर?"

"पण तिन्ही एकाच डिस्कवर! ती बिघडली तर तिन्ही जातील!"

"मग चौथी काढू का?"

मी सगळं डिलीट केलं आणि चहा टाकायला गेले. परत येऊन पाहते तर जागा आधीपेक्षा कमी! पदार्थ नाहीसा होत नाही, मान्य. पण टाकून दिला की वाढतो, हे कुठल्या पुस्तकात आहे?

"कचऱ्याच्या टोपलीत डोकावलो," हे म्हणाले. "चांगलं सामान होतं गं, मंदा! पुन्हा जागच्या जागी लावलं. तू परत टाकशील म्हणून एकेक प्रत जास्तीची."

मी यांना बाल्कनीत पाठवलं. नावात 'प्रत' असलेली एकूण एक फाइल शोधून उडवली. टोपलीही रिकामी केली. अर्धी डिस्क मोकळी! याला म्हणतात पद्धत!

पाच वाजले. पडद्यावर मुलं जमली. मी स्लाइड्सची फाइल शोधू लागले. सापडेना! माइक बंद केला.

"अहो, माझी बुरशीची फाइल?"

"काळजी नको. तू चहा करत होतीस तेव्हा तिच्याही तीन प्रती काढल्या."

"आणि मूळ फाइल?"

"ती कायमची काढून टाकली. तूच ओरडत होतीस ना, जागा नाही, जागा नाही!"

मी माइक सुरू केला. "मुलांनो, आज आपण कल्पनाशक्ती वापरणार आहोत," असं म्हणून तासभर हवेत बोटानं भूछत्रं काढत राहिले.

ते सगळं रेकॉर्ड मात्र अगदी व्यवस्थित झालं. जागा मुबलक होती ना!