नत्थुजींच्या नावाची चिठ्ठी

अकोल्यातल्या एका इंग्रजी शाळेने हॅलोविनसाठी जादूगार अब्दुल सत्तार यांना बोलावलं होतं. तीस वर्षं ते रुमालातून कबुतर काढत आले होते. भुताचा खेळ त्यांनी कधी केला नव्हता, पण नाही म्हणणं त्यांना जमलं नाही. त्यांनी एक गोष्ट रचली. धारणीच्या घाटात एक पोस्टमन मेला, पण टपाल वाटायचं काही थांबला नाही. फरक एवढाच, की आता तो फक्त मेलेल्यांच्या चिठ्ठ्या उचलतो.

जादू सोपी होती. पाच चिठ्ठ्यांवर पाच नावं लिहायची, चार जिवंत माणसांची आणि तिसऱ्या चिठ्ठीवर वारलेल्याचं. तिसऱ्या चिठ्ठीचा कोपरा सत्तारभाईंनी आधीच नखाने दुमडून ठेवला होता. चिठ्ठ्या टोपीत कालवल्या, तरी बोटांना ती बरोबर सापडायची.

नावं लिहायला पाचवीच्या रागिणी मॅडम पुढे आल्या. जिवंत माणसांच्या मधोमध वारलेल्या आजीचं नाव लिहायला त्यांचा हात धजेना. त्यांनी ते शेवटच्या चिठ्ठीवर लिहिलं आणि तिसरीवर सासऱ्यांचं, नत्थुजींचं.

खिडक्यांना काळे पडदे होते, चादरी पांघरलेली पोरं चिडीचूप बसली होती. सत्तारभाईंनी मेणबत्ती विझवली, चिठ्ठी काढली, टॉर्चच्या उजेडात वाचली आणि खोल आवाजात म्हणाले, "नत्थुजी. हा माणूस आता आपल्यात नाही."

रागिणी मॅडमनी घरी फोन लावला. कोणी उचलला नाही. पुन्हा लावला, पुन्हा तेच. त्या रडतच बाहेर धावल्या. एका पालकाने हे सगळं पाहिलं, पण अर्धंच ऐकलं, आणि ग्रुपवर टाकून दिलं : रागिणी मॅडमचे सासरे गेले.

सत्तारभाई स्कूटरवर मागोमाग पोचले तेव्हा नत्थुजी ओसरीवर तुरीची डाळ निवडत होते. फोन आत चार्जिंगला होता. अंगणात शेजारचे तिघं हार घेऊन उभे होते आणि हार कुठे ठेवावा हे त्यांना कळत नव्हतं.

सत्तारभाईंनी आधी रागिणी मॅडमची माफी मागितली, मग नत्थुजींची. मान काही वर येईना.

"भाऊ, मायी चूक झाली. तुमाले जित्तेपनी मारलं मी."

"झालं ते झालं," नत्थुजी म्हणाले. "पन आता मी कोनाकोनाले सांगत बसू का मी जित्ता हाओ म्हनून? ते काम तुमी करा. घ्या खुर्ची अन् बसा फाटकापाशी."

सत्तारभाई फाटकापाशी बसले. अंगावर अजून जादूच्या खेळाचा चमकीचा काळा कोट होता. येणाऱ्या प्रत्येकाला उठून सांगायचे, "नत्थुजी जिवंत हायेत. गलती मायी हाये." एक बाई म्हणाल्या, "मंग आमाले काहून बलावलं?" सत्तारभाईंनी आपली खुर्ची त्यांच्यापुढे केली.

दुपारी नत्थुजी आंघोळीला गेले आणि नेमकी तेव्हाच हिवरखेडहून त्यांचा धाकटा भाऊ बुधाजी आला. ऑटोतून उतरला तोच हंबरडा फोडत. सत्तारभाई तोंड उघडतात तोवर तो त्यांना ढकलून आत शिरला आणि नत्थुजींच्या बायकोच्या, सुभद्राबाईंच्या पायाशी बसला.

"बुधा भाऊजी, आयका तं..." सुभद्राबाई म्हणाल्या.

"नाही वयनी, आज मले बोलू द्या. मायचा पान्याचा पितळी गुंड तुमच्या भावानं नेला नव्हता. मी नेला होता. दादाले त्याचं नाव मी सांगतलं. बावीस वर्सं त्या बिचाऱ्यानं या घरात पाय नाही ठेवला."

न्हाणीघराचं दार उघडलं. नत्थुजी पंचा गुंडाळून उभे होते. बुधाजीने त्यांच्याकडे पाहिलं, मग पायांकडे, आणि खाली बसल्या बसल्याच भिंतीला टेकला.

नत्थुजींना भावावर ओरडायचं होतं. पण सुभद्राबाई त्यांच्याकडेच पाहत होत्या, आणि बावीस वर्षांत दर राखीला आपण मेहुण्याबद्दल काय काय बोललो ते त्यांना एकेक आठवू लागलं.

"मी तवाच म्हनत होती," सुभद्राबाई म्हणाल्या. आवाज चढवला नाही, त्यामुळे जास्तच लागलं. "लावा फोन माया भावाले."

"उद्या लावतो."

"आत्ता."

त्यांनी स्वतःच नंबर लावून फोन नवऱ्याच्या हातात दिला. चांदूर रेल्वेला भावाच्या घरी घंटी वाजली. पलीकडून "हॅलो, कोन बोलून राहिलं?" असा आवाज आला. नत्थुजींच्या ओल्या कपाळावर आता घामही आला. ते तसेच पंच्यावर फाटकापर्यंत गेले आणि फोनवर हात ठेवून हळूच म्हणाले,

"सत्तारभाई, तुमीच बोला जरा. सकाळपासून माफी मागून मागून तुमाले चांगली सवय झाली हाये."

सत्तारभाईंनी फोन घेतला, कोटाची बटणं लावली आणि कधी न पाहिलेल्या पितळी गुंडाबद्दल, कधी न भेटलेल्या माणसाची मान खाली घालून माफी मागायला सुरुवात केली.