आप्पांची सैल दोरी

रंगनाथआप्पांचा पायजमा चालता चालता घसरायचा आणि तो वर ओढत ते बोलत राहायचे. नाडी घट्ट बांधणं त्यांना पटतच नसे. अंगणातली दोरी इतकी सैल की धुतलेले सदरे पुन्हा धुळीत लोळायचे. म्हैस बांधली तरी शेजारच्या मेथीत पोचायची.

"आप्पा, म्हैस बांधता का सोडता?" शेजारीण ओरडायची.

"बांधलीच हाय की. जरा ढील दिलीय."

ही खोड कामातून आलेली. नाशिकजवळच्या एका धरणावर बोट क्लब होता. नव्वदच्या दशकात मी तिथला मॅनेजर. बोटीत चढायला आप्पांनी रिकाम्या पिंपांवर फळ्या ठोकून तरंगता धक्का केला होता. काठावरच्या खुंट्यांना तो दोरांनी बांधलेला. दोर नेहमी सैल.

"पाणी उतरतं सायेब, मग धक्क्यालाबी उतरू द्यावं लागतं."

एकदा मालकांनी मोठे पाहुणे बोलावले. धक्का हलतो म्हणून आदल्या संध्याकाळी, आप्पा घरी गेल्यावर, मी सगळे दोर आवळून घेतले. खुर्च्या मांडल्या. रात्रीत धरणातून पाणी सोडलं. सकाळी धक्का काठाच्या बाजूने दोरांना लटकलेला, फळ्या तुटलेल्या, खुर्च्या पाण्यात आणि हारांचं टेबल पार लांब तरंगत चाललेलं.

"दोर कोणी बांधले?" मालक कडाडले.

सगळ्यांनी आप्पांकडे पाहिलं. मी जमिनीकडे. आप्पांनी दोरांच्या गाठी पाहिल्या, मग माझ्याकडे पाहिलं. पायजमा वर ओढत म्हणाले, "धक्का माझा हाय."

त्याच दिवशी त्यांना काढलं. मी तोंड उघडलं नाही. आप्पांच्या ढिलाईने धक्का मोडला, असं तिकडे अजून सांगतात. ते खोटं आहे.

महिन्याभराने त्यांच्या घरी गेलो. फाटकाची दोरीसुद्धा सैलच. बाहेरून हात घातला की सुटत होती.

"आप्पा, चोर शिरेल."

"शिरू द्या. पोरगं आलं तर त्याला बाहेरून सोडता आली पायजे. लय आवळून धरला व्हता त्याला. गेला." मग आत बघून म्हणाले, "बसा, च्या टाकतो. इकडं कोन येतंय आता?"

जे सांगायला गेलो होतो, ते चहाबरोबर गिळून परतलो.

आप्पा वारले तेव्हाही मुलगा आला नाही. त्यांना पोचवून आम्ही परतलो, तर कुणीतरी फाटक बंद करून दोरी करकचून आवळलेली. माणसं पांगेपर्यंत मी थांबलो. मग गाठ सोडली आणि पुन्हा बांधली. सैल.