नरसय्याकाकांची कानतपासणी

एखादं मूल पाठमोरं दिसलं की आमच्या बिल्डिंगमधले नरसय्याकाका हळूच त्याच्या मागे जाऊन उभे राहतात, तोंडावर हात धरतात आणि कुजबुजतात, "चॉकलेट पाहिजे का?" दुसऱ्या शहरात एव्हाना पोलीस आले असते. सोलापुरात लोक फक्त म्हणतात, जाऊ दे, वय झालंय.

काकांची हयात चादरीच्या कारखान्यात गेली. त्यामुळे त्यांचा एरवीचा आवाज यंत्रमागाला पुरून उरणारा. त्यांनी खाली 'दूध आलं का' विचारलं की तिसऱ्या मजल्यावरून कुणीतरी 'आलं' म्हणतं. हे एकच वाक्य ते हळू बोलतात. जे मूल वळतं त्याला एक चॉकलेट. जे वळत नाही त्याला दोन, आणि त्याच्या आईबापांना हुकूम, "कान दाखवा की."

माझी पाच वर्षांची ओवी वळली नाही. मी स्वतः प्राथमिक शिक्षिका. कोणतं पोर ढ आणि कोणतं हट्टी हे मी पहिल्या आठवड्यातच ओळखते, असा माझा लौकिक आहे आणि तो मीच पसरवलाय. ओवी टीव्ही मोठा लावायची, दहा हाका मारल्या तरी ढिम्म. तिच्या बाई म्हणायच्या, लक्ष नसतं. पोरगी लाडावलीय, असं माझं निदान तयार होतं. मंद्रूपच्या सासूबाईंची तिच्या कानात लसणाची फोडणी घालूनही झाली होती. काका मात्र रोज दार वाजवत. शेवटी त्यांचं तोंड बंद करायला म्हणून मी कानाच्या डॉक्टरांकडे गेले.

डॉक्टर म्हणाले, पडद्यामागे पाणी साचलंय. लहान मुलांत, विशेषतः सर्दीनंतर, हे सर्रास होतं आणि बहुतेकांचं आपोआप जातं. तीन महिने वाट बघू. तोवर समोर बसून बोला, शाळेत पुढच्या बाकावर बसवा. नाहीच गेलं, तर पडद्यात बारीक नळी घालू. आणि ते लसणाचं तेल बंद करा. मी आजवर मागच्या बाकावर धाडलेली पोरं मला घरी येईपर्यंत आठवत राहिली. लाज वाटली.

तीन महिने काकांनी ओवीचा पिच्छा सोडला नाही. पुढची पाळी दातांच्या डॉक्टरांची, हे मला दिसत होतं. मग एका संध्याकाळी ती जिन्यात गर्रकन वळली आणि म्हणाली, "दोन पाहिजेत." तपासणीतही पाणी गेलेलं निघालं.

मी पेढे घेऊन काकांकडे गेले. ते एकटेच राहतात. मुलगी पद्मा रोज डबा आणून देते. हे कानाचं खूळ कुठून लागलं, असं मी विचारलं. काका पहिल्यांदाच माझ्याशी हळू बोलले.

"पद्मा ल्हानपणी अशीच हाकेला वळायची न्हाय. बाई म्हणल्या, ढ हाय. मी तिसरीतनं काढली, विड्या वळायला बसवली. लई वर्षांनी माझ्या थोरल्या लेकाच्या पोराला तसंच झालं, तवा डॉक्टरनं हे पाण्याचं सांगितलं. तिचं बी पाणीच असंल की. आता समदं ऐकू येतंय तिला. अजून म्हणते, नाना, मला डोकंच न्हवतं, तुमी तरी काय करणार?" ते पेढ्याचा पुडा नुसता हातात धरून बसले. "आता चाळिशीत तिला कसं सांगू, बाई, डोकं चांगलं हुतं म्हणून?"