गोदाक्काची गाडी आणि दोन टिकल्या

एका जंगलात जवळजवळ सगळ्यांना चार-चार पाय होते, तरी प्रत्येकाला गाडी हवी असायची. का, ते मला विचारू नका, मुलांनो. जंगलात विचारा.

तिथे गोदाक्का नावाचं एक अस्वल राहायचं. तिची गाडी इतकी जुनी होती, की हॉर्न दाबला तर आधी दार उघडायचं आणि मग हॉर्न वाजायचा. पण गोदाक्काचा तिच्यावर भारी जीव. रोज सकाळी ती डोंगरावरच्या अकरा पिल्लांना गाडीत कोंबायची आणि घाटाखालच्या शाळेत सोडून यायची.

एका सकाळी स्टिअरिंगच्या मागे दोन दिवे लागले. एक लाल, ब्रेकचा. दुसरा पिवळा. त्यात डुगडुगणाऱ्या गाडीचं चित्र होतं. म्हणजे चाकं घसरली, तर सांभाळून घेणार कोणी नाही.

घाट उभा, त्यात वळणावर शेवाळ. आणि चारच दिवसांवर शाळेचं स्नेहसंमेलन! अकरा पिल्लं महिनाभर समईनृत्य बसवत होती.

"हे दिवे विझल्याशिवाय मी पोरांना घाटात नेणार नाही," ती म्हणाली. पिल्लांची तोंडं एवढीशी झाली.

ती तडक कोल्होबा मेस्त्रीकडे गेली. कोल्होबाने गाडीकडे लांबूनच पाहिलं.

"अक्का, वय झालंय हिचं. वय झालं की डोळे लाल होतात. आमच्या आजीचेही झाले होते."

"एक डोळा पिवळा आहे, मेस्त्री."

"मग कावीळ."

त्याने ब्रेकचं तेल बदललं. गाडी वीस पावलं गेली आणि दिवे लागले. त्याने ब्रेकची पॅडं बदलली. पुन्हा वीस पावलं, पुन्हा दिवे. मग त्याने एक यंत्र आणलं, त्याची वायर गाडीला जोडली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"यंत्र म्हणतंय, तुमचं मागचं डावं चाक फिरतच नाही."

"अहो, फिरत नसतं तर मी इथवर आले कशी?"

"ते मला माहीत नाही. यंत्र बरोबर आहे. चाक चुकतंय."

"जरा वाकून बघता का त्या चाकाकडे?"

कोल्होबा दुखावला. "अक्का, मेस्त्री वाकत नसतो. मेस्त्री सांगतो."

मग त्याने खिशातून टिकल्यांचं पाकीट काढलं. त्याचं असं होतं, मुलांनो, की सिंहमहाराज एकदा कुणाच्या तरी गाडीतला लाल दिवा बघून दचकले होते. त्यांनी हुकूम काढला, 'घाटात जाणाऱ्या गाडीत असा दिवा दिसता कामा नये.' तेव्हापासून सगळे दिव्यावर मोठी टिकली लावायचे. घाटाच्या नाक्यावर गाड्या तपासणारं रानडुक्करही दिवा बघायचं नाही, टिकली बघायचं. ते सोपं होतं.

"लावा आणि निघा," कोल्होबा म्हणाला.

"झाकलं म्हणजे बरं झालं का?" असं म्हणून गोदाक्का निघाली. दोन्ही दिवे तिच्याकडे बघत होते, आणि ती त्यांच्याकडे.

घरी येऊन ती पायरीवर बसली. तेवढ्यात शेजारचे कासवभाऊ आले. ते सकाळी निघाले होते, चहाच्या वेळेला पोचले.

"काय झालं, अक्का?"

तिने सगळं सांगितलं. कासवभाऊ म्हणाले, "मागचं डावं ना? बघतो. मला वाकावंही लागत नाही."

ते चाकामागे गेले आणि बराच वेळ आलेच नाहीत. मग आवाज आला, "अक्का, इथे कुणीतरी घर बांधलंय!"

चाकाच्या आत बोटाएवढा सेन्सर असतो. चाक फिरतंय की नाही, हे तो बघत राहतो. त्याच्यावर कुंभारीण माशीने मातीचं छान गोल घर बांधलं होतं. बिचाऱ्या सेन्सरला काही दिसतच नव्हतं, म्हणून तो ओरडत होता. घर रिकामं होतं, बाळं उडून गेली होती. गोदाक्काने नखाने माती हळूच खरवडली आणि पदराने सेन्सर पुसला.

गाडी वीस पावलं गेली. तीस गेली. शंभर गेली. दिवे लागलेच नाहीत. गोदाक्काने आनंदाने हॉर्न दाबला, तसं आधी दार उघडलं.

संमेलनाच्या दिवशी अकरा पिल्लं नटूनथटून गाडीत बसली. गर्दीमुळे त्या दिवशी नाक्यावर प्रत्येक गाडी तपासली जात होती; रानडुकराने हात आडवा केला.

"टिकल्या कुठायत, अक्का?"

"आता लागत नाहीत, हवालदारसाहेब. दिवेच विझलेत. बघा की!"

रानडुकराने पाहिलं. मग वही पाहिली. "वहीत रकाना एकच आहे. टिकली आहे की नाही."

"पण दिवा दिसत नाही ना?"

"टिकली असली की दिवा दिसत नाही, हे मला कळतं. तुमचा टिकलीशिवायच दिसत नाही! मला तर यात काहीतरी काळंबेरं वाटतंय."

"चाकाजवळ वाकून बघा हवं तर."

"ड्युटीवर वाकायची परवानगी नाही."

खालून शाळेतला ढोल ऐकू आला. पिल्लं रडवेली झाली. गोदाक्का तिथेच स्टिअरिंग हातात धरून बसली. खरं सांगून तिची गाडी पहिल्यांदाच अडली होती.

तेव्हा मागच्या सीटवरून चिमी ससुली पुढे आली. तिने कपाळावरची टिकली काढली. शेजारच्या खारीचीही काढली.

"आजी, लाव ना गं. आम्ही अशाच नाचू."

गोदाक्काने विझलेल्या दिव्यांवर दोन टिकल्या लावल्या. रानडुकराने खाडकन सलाम ठोकला. "आता कशी सुरक्षित दिसते गाडी!"

गाडी घाटातून अलगद उतरली. शेवाळाच्या वळणावरही चाक घसरलं नाही. समईनृत्य झकास झालं. दोन समयांना टिकली नव्हती, पण टाळ्या सगळ्यांना सारख्याच पडल्या.

दुसऱ्या दिवशी जंगलात चर्चा सुरू झाली. गोदाक्काची गाडी घाटात घसरली नाही म्हणे! टिकली कुठली होती? गोदाक्का घसा फोडून सांगत होती, "अरे, माशीचं घर होतं!" सगळे म्हणाले, "सांगायचं नसेल तर राहू दे, अक्का." कोल्होबाच्या दारात चिमीच्या टिकलीसारख्या टिकल्यांसाठी रांग लागली.

कासवभाऊंना कोणी काही विचारलं का? विचारलं की.

"भाऊ, रांगेत शेवटी कोण उभंय, जरा पळत जाऊन बघून येता का?"

तात्पर्य : गाडी जरूर दुरुस्त करावी, मुलांनो. फक्त दुरुस्तीनंतर ती बिघडलेल्या गाडीसारखी दिसेल एवढी काळजी घ्यावी, नाहीतर नाका ओलांडू देत नाहीत.