वरून आलेलं बोलावणं

भिंगरीच्या वर्गाच्या बाईंना फोन एकदाचा लागला, तेव्हा तिकडे मधल्या सुट्टीचा असा काही गलबला चालला होता, की भिंगरीच्या आईला ओरडूनच बोलावं लागलं.

"बाई, भिंगरीला आज घरीच ठेवलंय, शनिवारपर्यंत रजा हवी होती. हे शनिवारी जाणार!"

"जाणार? कोण?"

"भिंगरीचे बाबा! वरून बोलावणं आलंय. आता कुणाच्या हातात काही नाही."

पलीकडून बाई एकदम हलक्या आवाजात म्हणाल्या, "त्यांना... कल्पना आहे?"

"आहे तर! हौसेनं तयारी चाललीय. एवढे शेवटचे दिवस पोर जवळ राहिली तर बरं, एवढंच म्हणणं आहे माझं."

"धीराचे आहेत हो. तुम्ही सांभाळा स्वतःला."

"मला काय, सवय झालीय."

"सवय?" बाईंचा आवाज चिरकला. "रजा दिली. मोठ्या बाईंना मी सांगते."

आईने फोन ठेवला, पण इतक्या सहज रजा मिळाली हे तिला खरंच वाटेना. तापाने फणफणलेल्या पोरांनाही डॉक्टरची चिठ्ठी मागणारी ही शाळा! घरात कुणी गंभीर आजारी असेल किंवा दगावलं, तरच पोराला घरी ठेवायचं, असा तिथला नियम. फौजेतला बाप दीड वर्षाने घरी आला, हे कारण त्यात कुठे बसत नव्हतं. आणि भिंगरी सकाळी शाळेत जायची ती संध्याकाळी पेंगतच परतायची. बापाला ती 'अहो' म्हणायची, पाणी नेऊन द्यायची आणि दाराआड उभी राहायची. कालच तिने त्याला अदबीने विचारलं होतं, "तुम्ही कधी निघणार?" तो हसला खरा, पण जेवला अर्धंच. ते पाहूनच आईने आज शाळेत फोन लावला होता.

दुपारी बेल वाजली. दारात वर्गाच्या बाई सफरचंदांची पिशवी घेऊन आणि मोठ्या बाई अत्यंत गंभीर चेहरा घेऊन उभ्या. घरात भिंगरीचा फौजी बाप नुसत्या बनियनवर, स्टुलावर चढून पंखा पुसत होता आणि खड्या आवाजात गात होता.

मोठ्या बाई कुजबुजल्या, "कुठे निजलेत ते?"

"कोण?"

"भिंगरीचे बाबा."

"हे काय, वर!" आईने बोट दाखवलं.

वर्गाच्या बाईंनी तोंडावर पदर धरला. "गेले?"

"नाही, पंखा पुसतायत!"

मग उलगडा व्हायला वेळ लागला नाही. 'वरून' म्हणजे फौजेच्या मोठ्या ऑफिसातून. 'जाणार' म्हणजे सीमेवर. आणि सवय नवरे जाण्याची नव्हती, एकाच नवऱ्याच्या पुन्हापुन्हा जाण्याची होती. वर्गाच्या बाई लाजून चूर झाल्या. "मला वाटलं, हे तुमचे दुसरे."

मोठ्या बाई मात्र हसल्या नाहीत. "म्हणजे आजार नाही. मग रजा नियमात बसत नाही."

"बरोबर आहे मॅडमचं," स्टुलावरून आवाज आला. "नियम म्हणजे नियम. मी उद्या तिला स्वतः शाळेत सोडतो."

आता मात्र आईचा तोल सुटला. "तुम्ही गप्प बसा हो! आणि बाई, हे अंथरुणाला खिळले तर पोरीला बाप मिळणार, आणि धडधाकट असले तर नाही? असला कसला तुमचा नियम? ती ह्यांना पाहुणा समजते, पाहुणा!" बोलता बोलता तिला रडू फुटलं.

फौजी फडकं हातात धरून पंख्याकडे बघत राहिला.

मोठ्या बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "रजेचं कारण मी 'वडिलांचा गंभीर आजार' असं लिहून बसलेय. माझ्या शाळेत खाडाखोड चालत नाही." मग त्यांनी स्टुलाकडे पाहिलं. "तेव्हा आजारी तुम्हाला पडावंच लागेल. शनिवारपर्यंत दाराबाहेर पाऊल टाकायचं नाही."

"मॅडम, हे खोटं..."

"झोपा!"

असा हुकूम फौजीने फौजेतही ऐकला नव्हता. तो स्टुलावरून उतरून थेट पलंगावर आडवा झाला. वर्गाच्या बाईंनी सफरचंदं उशाशी ठेवली. दाराआडून भिंगरी सगळं ऐकत होती.

"आणि भिंगरी," मोठ्या बाई जाताना म्हणाल्या, "पेशंटकडे लक्ष ठेवायचं. उठू द्यायचं नाही. हा तुझा घरचा अभ्यास."

भिंगरी अभ्यासात पक्की. संध्याकाळी फौजीने हळूच एक पाय पलंगाखाली सोडला, तर कमरेवर हात ठेवून ती पुढ्यात हजर.

"ए बाबा! कुठं चाललास? गप्प पड. तू आजारी आहेस ना?"

स्वयंपाकघरात आईच्या हातातला चमचा तसाच राहिला. आत फौजीने पाय मुकाट्याने वर घेतला.

"हो ग," तो म्हणाला. "फारच."

"मग आ कर," भिंगरी म्हणाली आणि अख्खं सफरचंद त्याच्या तोंडाला लावलं.